मधली खुर्ची

"दोनच तर वायरी असतात. एक लाल, एक काळी. ह्यात चुकायला जागाच कुठे आहे?"

गोंदाने बरबटलेली बोटं हवेत नाचवत नवऱ्याने हे जाहीर केलं, तेव्हाच तिला शंका यायला हवी होती. एरवी तिला शंका यायला कारणही लागत नाही! लेक एकदा शिंकली की सर्दी, दोनदा शिंकली की न्यूमोनिया, आणि शिंकलीच नाही तर नाक चोंदलंय की काय, अशा चालीवर तिचे दिवस जात. पण त्या आठवड्यात तिची सगळी काळजी येत्या सोमवारात अडकून पडली होती. सोमवारी तिची रजा संपत होती, आणि दहा महिन्यांची ठमी दिवसभर आजीपाशी राहणार होती. आजी म्हणजे तिच्या सासूबाई. तब्येत ठणठणीत, हात सतत विणकामात. काळजी करावी असं त्यांच्यात काहीच नव्हतं, आणि नेमकी ह्याचीच तिला काळजी वाटत होती.

नवऱ्याला मात्र एकच ध्यास लागला होता. दिवंगत सासऱ्यांचे दोन स्पीकर अडगळीच्या खोलीत पडले होते. कमरेइतके उंच, लाकडी, पोक्त. कपाटं म्हणून कपडे ठेवले असते तरी खपले असते! आत गोल पडद्यांच्या कडा शिळ्या बिस्किटासारख्या भुगा झाल्या होत्या. त्या खरवडून त्याने नवी रबरी कडी चिकटवली, फाटकं कापड काढून खिडकीच्या जुन्या पडद्याचं कापड ताणून बसवलं. बंद पडलेल्या नाचाच्या क्लासमधून आणखी दोन छोटे स्पीकर मिळवून मागच्या भिंतीवर टांगले.

"आणि मधला स्पीकर?" तिने विचारलं.

"लागतच नाही! पुढच्या दोन्हींतून सारखा आवाज आला, की माणसं बरोबर मधोमध बोलताहेत असं वाटतं. तिथे आईची खुर्ची ठेवतो. घरातली सगळ्यात भारी जागा!"

गुरुवारी संध्याकाळी सिनेमा लागला. मधल्या खुर्चीत सासूबाई, लोकरीचा गुंडा मांडीत. डाव्या स्पीकरपाशी सतरंजीवर ती आणि ठमी. उजव्यापाशी स्टुलावर नवरा, हातात रिमोट, चेहरा नवरदेवाचा. मागच्या भिंतीवरून घोडे दौडत आले. ठमीने टाळ्या पिटल्या.

"कसं वाटतंय, आई?"

"छान आहे रे. पण ही माणसं बोलत का नाहीयेत?"

पडद्यावर बाप आणि मुलगी गळ्याच्या शिरा ताणून भांडत होते.

"बोलताहेत की!"

"अस्सं? मला वाटलं, खुणा करताहेत."

नवऱ्याने आवाज वाढवला. खिडकीची तावदानं थरथरली. "आता?"

"आता विहिरीच्या तळाशी कुणीतरी पुटपुटल्यासारखं येतंय." आणि त्या शांतपणे टाके मोजू लागल्या.

सोमवार! ठमी टाहो फोडतेय, आणि शेजारी आजी निवांत टाके मोजतेय, हे चित्र तिला पडद्यावरच्यापेक्षा ठळक दिसलं. तिने सिनेमा बंद करायला लावला आणि नवऱ्याला दंडाला धरून स्वयंपाकघरात ओढलं.

"अरे, आईंना ऐकू येत नाहीये!" ती कुजबुजली.

"छे गं! कालपर्यंत तर..."

"कालपर्यंत काय? परवा तू दूध आण म्हणालास, हलल्या तरी का जागच्या?"

"ते मी तुला म्हणालो होतो."

"मग मी का नाही हलले?"

"ते मी कसं सांगू!"

"बाई गं! आणि मी त्यांच्याशी कशी वागले! त्यांनी विणलेला तो पिवळा स्वेटर... ठमीला बोचतो रे. मानेवर पुरळ येतं. मी तो चादरींच्या मागे लपवलाय. त्यांना सांगितलं, धुवायला टाकलाय."

"कधीपासून?"

"तीन महिने!"

त्या क्षणापासून दोघांनी मोठ्याने बोलायला सुरुवात केली. मोठ्याने म्हणजे, पलीकडच्या डोंगरावरच्या माणसाला हाक मारावी तसं. "आई! जेवायला! बसायचं?" सासूबाईंच्या हातून सुई पडली. त्यांनी दोघांकडे नीट निरखून पाहिलं, ठमीला जवळ ओढलं, आणि ओठ मोठाले हलवत, एकेक अक्षर सुटं करत म्हणाल्या, "हो... ये... ते..."

"बघ!" ती नवऱ्यावर किंचाळली. "आता वाचाही!"

शुक्रवारी सकाळी तर कहर झाला. सासूबाई खुर्चीत बसून पिवळा स्वेटर उसवत होत्या. पुरा झालेला, बटणं लावलेला स्वेटर! खाली सुरकुतलेल्या लोकरीचा ढीग.

"आई! हे! काय?"

त्या गोड हसल्या. "उ... स... व... ते... य."

कानाचं दुखणं डोक्यात गेलं, ह्यात तिला शंका उरली नाही. स्वेटर चादरींमागून त्यांना सापडला कसा, हा प्रश्न एवढ्या शंकेखोर बाईला पडलाच नाही! तिने तडक डॉक्टरांची वेळ घेतली. सासूबाई नाही म्हणतील म्हणून समजुतीची चार वाक्यं पाठ केली होती, पण त्या सगळ्यांच्या आधी चपला घालून तयार!

शनिवारी कानाच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पेशंट कोण?"

तिने सासूबाईंकडे बोट केलं. त्याच वेळी सासूबाईंनी तिच्याकडे आणि मुलाकडे दोन बोटं केली.

"ह्या दोघांना परवापासून ओरडल्याशिवाय बोलता येत नाहीये हो," सासूबाई म्हणाल्या. "त्या खोक्यांना खेटून बसले नि कान घालवून बसले. मी आपली ओठ हलवून समजावतेय. घरात लहान मूल आहे, डॉक्टर. ते रडलं तर ह्यांना ऐकू कसं जायचं?"

डॉक्टरीणबाईंनी शहाणपणाने तिघांनाही तपासलं. काचेच्या खोलीत बसायचं, कानाला हेडफोन, टूं वाजलं की बटण दाबायचं. सासूबाईंचा कागद पाहून डॉक्टरीणबाईंच्या भुवया वर गेल्या. "ह्यांचे कान म्हणजे कमाल आहे! शेजारच्या खोलीतली कुजबुजसुद्धा सुटायची नाही." मुलगाही पास.

"तुमचेही कान उत्तम," त्या तिला म्हणाल्या. "फक्त तुम्ही आवाज नसतानाही बटण दाबताय."

"मला वाटलं, बाहेर ठमी रडतेय."

ठमी बाहेर आजीच्या मांडीवर घोरत होती.

घरी आल्यावर थकून ती ठमीला घेऊन मधल्या खुर्चीत टेकली. नवऱ्याने अर्धवट राहिलेला सिनेमा सुरू केला. बाप आणि मुलगी अजून भांडतच होते, पण आवाज? विहिरीच्या तळाशी!

"अरे देवा! मलाही! साथ आहे ही, साथ!" ती ताडकन उठून डावीकडे पळाली. तिथे भांडण खणखणीत. पुन्हा बसली, गायब. उठली, खणखणीत. बसली, गायब. ठमीला वाटलं झोपाळा सुरू झाला, ती खिदळू लागली. नवऱ्याचा चेहरा मात्र उतरत उतरत हनुवटीपर्यंत आला. तो मुकाट्याने डाव्या स्पीकरच्या मागे गेला.

"मागच्या खुणा पुसल्या गेल्या होत्या," पाठीमागून बारीक आवाज आला. "अंदाजाने लावली. लाल तिथे काळी लागली. हा स्पीकर आतला पडदा पुढे ढकलतो तेव्हा तो दुसरा मागे ओढतो. मग मधोमध दोघं एकमेकांचं बोलणं खोडून काढतात."

"तुम्हा दोघांसारखं," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या बाबांनी पहिल्यांदा लावले तेव्हाही अगदी असंच झालं होतं."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"तूच म्हणालास ना, चुकायला जागाच नाही!"

वायरी बदलल्या. बाप आणि मुलगी खुर्चीच्या पुढ्यात येऊन उभे राहिल्यासारखे बोलू लागले. सासूबाईंनी दोन मिनिटं मन लावून ऐकलं आणि निकाल दिला, "खुणाच बऱ्या होत्या."

सोमवारी ती निर्धास्त ऑफिसला जाणार, हे आता नक्की होतं. निर्धास्त म्हणजे, चार फोनांच्या आत. चहा टाकायला ती स्वयंपाकघरात गेली. तिथून मधली खुर्ची सरळ समोर दिसत होती, सात पावलांवर. सासूबाईंच्या सुयांवर मऊसूत, निळी, कोवळी लोकर चढली होती. ती लोकर पाहिली आणि तिच्या डोक्यात टूं वाजलं. शेजारच्या खोलीतली कुजबुजसुद्धा...

कान लाल झाले. समोर जाऊन बोलण्याचं धैर्य काही होईना. शेवटी ओट्यापाशीच उभं राहून, चहाच्या भांड्याला सांगावं तसं ती हलकेच पुटपुटली, "आई किती सुंदर विणतात!"

"ऐकू आलं गं!" खुर्चीतून आवाज आला. "पण कौतुक एवढ्यात नको. आधी मानेला लावून बघ, बोचतोय का. आणि बोचला तर चादरींच्या मागे नको ठेवूस, तिथे माझा डबा असतो बिस्किटांचा."