पंपाला पंधरा मिली

पीक: मासा. एक नग.

देवळाली प्रवरात वाल्मिकचं कृषी सेवा केंद्र. तीन हातांवरून पान दाखवा, रोग सांगणार! औषध सांगणार! फवारणीच्या पंपाला किती मिली, हे तर शेतकरी पायरी चढायच्या आत सांगणार! म्हणूनच कोपरगावच्या दाजींनी, म्हणजे बहीण कमलच्या नवऱ्यानं, आप्पासाहेबांनी, आपला आजारी मासा त्याच्या हवाली केला. समुद्रातला, बोटभर, पिवळाधमक. पठ्ठ्या वाळूत दडायचा, वाळूतच झोपायचा.

"बाकीच्या माशांना लागण नको. पंधरा दिवस येगळा ठिव, तांब्याचं औषध दे," दाजी म्हणाले. "जप बरं का."

"दाजी, मी आख्ख्या तालुक्याचं डाळिंब वाचवलंय!"

दाजी हसले नाहीत. मागं एकदा इथं चहा गार मिळाला म्हणून रुसले, तर दोन दिवाळ्या कमलला माहेरी धाडलं नाही. यंदा धाडणार होते. दिवाळी आठ दिवसांवर. वाल्मिकची आई बनुबाई लेकीच्या वाटेकडं डोळे लावून बसलेली.

लक्षणे: अंगभर पांढरे ठिपके, मीठ भुरभुरल्यासारखे.

प्रमाण: काचेची टाकी, पंचेचाळीस लिटर खारं पाणी. तळाशी डबाभर वाळू.

"पंचेचाळीस म्हंजे पंधरा लिटरचे तीन पंप. पंपाला पंधरा मिली!" वाल्मिकनं पंचेचाळीस मिली ओतलं.

मासा थबकला. त्यानं वाल्मिककडं एकदा नीट बघून घेतलं. मग डोकं खाली, शेपटी वर, वाळूत गडप!

"अहो, बाटलीवर वाचलं का?" बायको, पूजा.

"मी वाचू? मी लोकांना वाचून दाखवतो!"

पूजानं वाचलं. तिचा आवाज बारीक होत गेला. "एवढ्या पाण्याला... नऊ मिली."

(सल्ला देणाराच चुकला तर काय, त्याला शिफारसपत्रात रकाना नाही.)

विषबाधा झाल्यास: पाणी बदला! दाजींनी ड्रमभर खारं पाणी दिलेलं होतं. वाल्मिक उपसतोय, पूजा ओततेय, बनुबाई देवापुढं बसलेली. वाळू गप्प. बारा वाजले, वाळू गप्प. तीन वाजले आणि मोबाईल वाजला.

"कोल्हारपर्यंत आलोय. मासा बघून जातो. कमल पन हाय संगं."

वाल्मिकनं चमचा वाळूत फिरवला. काहीच लागलं नाही.

"विरघळला गं!"

"मासा काय साखर हाय व्हय?" पूजा म्हणाली.

बनुबाईनं डोळे पुसले, पदर खोचला. "पूजा, शिरा टाक. तूप सढळ घाल. पोटात गोड गेलं की मानूस जरा मऊ पडतं."

निदान: दाजींनी दोन बशा शिरा खाल्ला. शेवटी वाल्मिकच्या तोंडातून सुटलंच.

"दाजी... मासा गेला. सकाळीच. मी पंपाच्या मापानं टाकलं."

कमलचा चमचा हवेत राहिला. दाजी उठले. बाही वर केली, हात पाण्यात घातला, वाळूचा कोपरा बोटानं हलवला. सणकन एक पिवळा पट्टा उसळला! टाकीला एक चक्कर, सगळ्यांवर एक जळजळीत नजर, परत वाळूत.

"जिता हाय," दाजी म्हणाले. "भ्याला की दडतो. आन् ह्यो लांब पूर्वेकडचा, त्याच्या मुलखात आता दिस मावळला. तिकडच्या घड्याळानं आपल्या साडेतीनला झोपतो. वाळूनं औषध पिऊन घेतलं, म्हणून वाचला."

बनुबाईनं हात जोडले. दाजी मात्र रिकाम्या बशीकडं बघत उभेच.

"म्हंजे माझा मासा मेला, असं तुमी सकाळपास्नं धरून चालला हुता?"

"व्हय, दाजी."

"आन् तरी घरात शिरा केला?"

पूजानं तुपाची बरणी हळूच मागं सरकवली.

"तूप घालून?"

"दाजी, तसं न्हाई..."

"कमल, ऊठ! चल!"

फेरतपासणी: ठिपके गेले. मासा ठणठणीत. यंदा दिवाळीला बनुबाईच्या घरी पाहुणा एकच होता, आणि तोही साडेतीनला झोपायचा.