लिफ्टवाल्याचा जिना

डॉक्टरबाईंनी पहिली फाइल मिटली, "तुमचं सगळं छान आहे" असं बायकोला सांगितलं आणि दुसरी फाइल उघडली. दुसरी फाइल आपली आहे हे, बायकोची पर्स मांडीवर घेऊन बसलेल्या नवऱ्याच्या तेव्हा कुठं लक्षात आलं. तोपर्यंत तो सोबत म्हणून आला होता. मूल हवं असेल तर आधी तीन महिने तयारी करावी, असं बायकोनं कुठंतरी वाचलं होतं. तयारी म्हणजे तिनं गोळ्या घ्यायच्या आणि आपण त्या दुकानातून आणून द्यायच्या, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. स्वतःच्या तपासण्याही त्यानं "आता आलोच आहे तर" अशा थाटात करून घेतल्या होत्या.

बायकोला रोज एक फोलिक अ‍ॅसिडची गोळी आणि वेळेवर झोप, एवढ्यावर काम भागलं. नवऱ्याचा कागद मात्र पाठपोट भरला. वजन अकरा किलो जास्त, साखर अगदी काठावर, दिवसाला नऊ सिगारेटी. पुढचं सांगण्याआधी डॉक्टरबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"शुक्राणूंची संख्या कमी आहे. जे आहेत, तेही जरा आळशी आहेत. पण घाबरू नका, नवे तयार व्हायला साधारण तीन महिने लागतात. तेवढे दिवस तुम्ही नीट वागलात, तर त्यांच्यातही फरक पडेल. कितव्या मजल्यावर राहता?"

"सातव्या."

"मग उद्यापासून जिना."

"डॉक्टर, मी लिफ्ट मेकॅनिक आहे," तो म्हणाला.

डॉक्टरबाईंना यातली अडचण कळली नाही. त्यांचाही दोष नव्हता. हा माणूस सोळा वर्षं लोकांना जिना चढण्यापासून वाचवत आला होता. ज्या इमारतीत राहत होता, तिथली लिफ्ट त्यानंच बसवली होती आणि तोच तिची देखभाल करायचा. पाहुणे आले की तो त्यांना घर दाखवण्याआधी लिफ्ट दाखवायचा. भरलेला पाण्याचा पेला लिफ्टच्या फरशीवर ठेवायचा, वर जाऊन खाली यायचा आणि एक थेंबही सांडला नाही हे वाकून बघायला लावायचा. पहिल्या मजल्यावर काम असलं तरी तो लिफ्टनंच जायचा.

घरी येताना त्यानं बायकोकडून वचन घेतलं, की ही गोष्ट कोणाला म्हणजे कोणालाच कळता कामा नये. ती चष्म्याच्या दुकानात नोकरीला होती. समोरच्याला नीट दिसत नाही हे त्याचा मान राखून कसं सांगायचं, याचा तिला रोजचा सराव होता. ती "बरं" म्हणाली. सासूबाई दर रविवारी फोनवरून तिलाच पथ्यं सांगायच्या, तेही ती निमूट ऐकून घ्यायची. फोन चालू असला की तो स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी विसळायचा. ते त्याला बरं वाटत नव्हतं, पण खरं सांगायची हिंमतही होत नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून दोघंही जिना चढू लागली. तिला सातही मजल्यांचं काही वाटत नव्हतं. त्याला दुसऱ्या मजल्यावर घाम यायचा, तिसऱ्यावर धाप लागायची आणि नेमकं तिसऱ्यावरच्या काकूंच्या दारासमोर थांबावं लागायचं. काकूंच्या दाराला बाहेरचं बघायचं भोक होतं आणि काकू त्याचा पुरेपूर उपयोग करायच्या. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं, लिफ्ट बंद असेल. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाहेर येऊन बटण दाबून बघितलं, तर लिफ्ट मुकाट्यानं येऊन उभी राहिली. तिसऱ्या दिवशी त्या त्याची वाटच बघत होत्या.

"का रे, लिफ्ट सोडून जिन्यानं?"

"असंच काकू. व्यायाम."

दुसऱ्या कोणी हे म्हटलं असतं, तर काकूंनी विश्वास ठेवला असता. पण या गृहस्थांना रस्ता ओलांडायलासुद्धा रिक्षा करताना त्यांनी पाहिलं होतं. स्वतःच बसवलेल्या लिफ्टमध्ये हा स्वतः बसत नाही आणि बायकोलाही बसू देत नाही, याचा सरळ अर्थ काकूंनी काढला आणि संध्याकाळपर्यंत तो पाचव्या मजल्यावर वकीलसाहेबांकडे पोचता केला.

त्यात रोजच्या दहा मिनिटांच्या श्वासाच्या व्यायामाची भर पडली. घरात टीव्ही, खाली वाहनं, म्हणून त्यानं गच्चीवरची लिफ्टच्या मशीनची खोली निवडली. तिथं कोणी येत नसे. तो मशीनसमोर स्टूल ठेवायचा, डोळे मिटायचा आणि डॉक्टरबाईंनी शिकवल्याप्रमाणे लांब श्वास सोडायचा. सिगारेटची तल्लफ आली, की श्वास आणखी लांबायचा. एकदा पाण्याची टाकी बघायला आलेल्या वॉचमननं हे दृश्य पाहिलं. लिफ्टवाले मशीनसमोर डोळे मिटून सुस्कारे सोडत बसले होते, एवढंच त्यानं पहिल्या मजल्यावर सांगितलं. तिसऱ्यावर पोचेपर्यंत त्यांनी हात जोडलेले होते. पाचव्यावर त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

झालं. मेकॅनिकच देवाचा धावा करतोय म्हटल्यावर लिफ्टमध्ये पाय कोण ठेवणार? काकूंनी खिडकीतून दोरीला बांधून टोपली सोडली आणि भाजी वर ओढून घ्यायला सुरुवात केली. वकीलसाहेब एकशे चार किलोंचे, पण तेही कोटाची बटणं काढून कठडा धरून चढू लागले. त्याला स्वतःला कोणी काही विचारलं नाही. ज्याचं काम बिघडलंय, त्याला ते तोंडावर कसं सांगायचं, असा लोकांनी सभ्य विचार केला. जिन्यावर एवढी माणसं भेटायला लागली, याचं त्याला नवल वाटायचं. पण धापा टाकणाऱ्याला चौकशा करायला दम कुठून येणार?

महिन्याची तपासणी करताना त्याला धक्काच बसला. लिफ्टच्या किती फेऱ्या झाल्या ते दाखवणारा आकडा जिथं हजाराच्या पुढे असायचा, तिथं जेमतेम साठ झाला होता. लोक लिफ्ट वापरत नसतील, हे त्याच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं. त्यानं आकड्याचं यंत्रच बिघडलं असा निष्कर्ष काढला आणि भर सकाळी, सगळ्यांच्या कामावर जायच्या वेळेला, तळमजल्यावर लिफ्टची बटणांची पट्टी उघडून वायरी बाहेर काढल्या. येणारा जाणारा प्रत्येक जण त्या वायरींकडे आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघून जिन्याकडे वळला. सिगारेट सोडून पाच आठवडे झाले होते, त्यामुळे चेहराही धीर देण्यासारखा नव्हता.

त्याच शनिवारी संध्याकाळी तळमजल्यावर सभा बोलावली गेली. अध्यक्ष होते त्याच्याच समोरच्या घरात राहणारे निवृत्त हेडमास्तर. लिफ्ट दुसऱ्या कंपनीकडून तपासून घ्यावी आणि देखभालीचं कामही तिलाच द्यावं, असा विषय त्यांनी शांतपणे वाचून दाखवला. तो तडक उठला आणि त्यानं लिफ्टची सगळी कुंडली मांडली. दोर मागच्या वर्षी नवे घातलेत, ब्रेक दर महिन्याला तपासतो, वीज गेली तरी ती जवळच्या मजल्यावर येऊन दार उघडते. सोळा वर्षांत एक माणूस, एकदाही, दहा मिनिटांच्या वर आत अडकला नाही. बोलताना त्याचा आवाज भरून आला, कारण यातला शब्द न् शब्द खरा होता.

हेडमास्तरांनी सगळं ऐकून घेतलं.

"इतकी चांगली आहे, तर तुम्ही स्वतः का बसत नाही? आणि वर मशीनसमोर बसून रडता कशाला?"

याला उत्तर होतं. तेवढंच द्यायचं नव्हतं. तो खाली मान घालून बुटाच्या नाडीकडे बघत राहिला. उत्तर दिलं तर पुरुष म्हणून काय उरणार आणि नाही दिलं तर लिफ्टवाला म्हणून काय उरणार, हे काही केल्या त्याला ठरवता येईना.

तेवढ्यात काकूंच्या डोक्यात वेगळाच प्रकाश पडला. त्या त्याच्या बायकोशेजारीच बसल्या होत्या. तिच्या पाठीवरून हात फिरवत त्यांनी विचारलं, "खरं सांग हो पोरी. दिवस राहावेत म्हणून डॉक्टरांनी तुला चालायला सांगितलंय का? तुझंच काही आहे का?"

सगळी सभा तिच्याकडे वळली. कितीतरी माना सहानुभूतीनं एका बाजूला कलल्या. तिनं नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि अगदी सहज, दुकानात गिऱ्हाइकाशी बोलावं तसं म्हणाली, "हो काकू. माझंच—"

"तिचं नाही," तो म्हणाला.

ते इतक्या मोठ्यानं आलं, की वॉचमन फाटकापासून आत डोकावला. आता थांबलो तर पुन्हा जन्मात बोलणं होणार नाही, हे त्याला कळत होतं.

"तिचं सगळं छान आहे, डॉक्टरांनी लिहून दिलंय. जिना मला सांगितलाय. आम्हाला मूल हवंय, आणि बाप व्हायच्या आधी मला दुरुस्तीची गरज आहे. वजन जास्त आहे, सिगारेट ओढायचो, आणि... आणि बाकीचंही कमी आहे. तीन महिन्यांचं काम आहे. निम्मं होत आलंय. चार किलो उतरलोय, सदतीस दिवसांत एकही सिगारेट नाही. वरच्या खोलीत मी श्वासाचा व्यायाम करतो, लिफ्टसाठी रडत नाही. लिफ्टला काहीही झालेलं नाही. जे झालंय ते मला झालंय, आणि मी ते नीट करतोय."

तो खाली बसला. कोणी हसेल म्हणून त्यानं आधीच कान लाल करून ठेवले होते, पण कोणी हसलं नाही. त्याची बायको त्याच्याकडे बघत होती. तिला त्याचा अभिमान वाटत होता आणि तो लपवायचं तिच्या मनातही आलं नाही. इतकी वर्षं हा माणूस तिला लिफ्टची कौतुकं सांगत आला होता. आज पहिल्यांदा त्याच्याविषयी चार लोकांत कौतुकानं सांगण्यासारखं काही तिच्या हाती आलं होतं. वकीलसाहेब खाकरले आणि त्या डॉक्टरबाईंचा पत्ता मिळेल का, असं त्यांनी विचारलं. मग घाईघाईनं, एका पक्षकारासाठी हवाय, असंही म्हणाले.

हेडमास्तरांनी विषयपत्रिकेवरचा तो विषय लाल पेनानं खोडला, सभा संपल्याचं जाहीर केलं आणि सगळ्यांनी आता लिफ्टनंच घरी जावं, अशी विनंती केली. इमारतीला चूक भरून काढायची घाई झाली होती. काकू आत शिरल्या, वकीलसाहेब शिरले, हेडमास्तर शिरले, पाठोपाठ आणखी तिघं. त्यालाही मानानं हाताला धरून आत घेतलं. पाच आठवड्यांनी आपल्या लिफ्टमध्ये पाय ठेवताना त्याचा ऊर भरून आला. त्याच्या मागून बायको आत आली, आणि लिफ्टनं वजन जास्त झाल्याची शिट्टी वाजवली.

कोणीतरी उतरायला हवं होतं. सगळ्यांनी वकीलसाहेबांकडे पाहिलं. वकीलसाहेबांनी त्याच्याकडे पाहिलं.

"डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलंय ना?"

हे मात्र खरंच होतं. तो उतरला. त्याच्याबरोबर बायकोही उतरली. दार बंद झालं आणि लिफ्ट धक्का न देता, आवाज न करता वर निघाली. त्यानं क्षणभर कान लावून ऐकलं आणि मग जिन्याकडे वळला.

"आईंना काय सांगायचं?" पहिल्या मजल्यावर बायकोनं विचारलं.

"मी सांगतो. उद्या रविवार आहे, फोन मीच घेईन."

ती त्याचा हात धरून चढू लागली. दुसरा मजला गेला, तिसरा गेला. लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबत होती. काकू उतरल्यावरही दार पायानं अडवून त्याच्याविषयीच बोलत होत्या आणि वकीलसाहेब आतून होकार देत होते. त्यानं त्यांच्या शेजारून जाताना नमस्कार केला. पाचव्या मजल्यावर त्याला कळलं, की आपण थांबलेलो नाही. सातव्यावर येऊन त्यानं दाराला किल्ली लावली, तेव्हा कुठं लिफ्ट पोचली आणि तिच्यातून एकटे हेडमास्तर बाहेर आले. समोर दोघांना उभं पाहून ते चकित झाले. त्यांनी एकदा लिफ्टकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे.

"लिफ्ट जरा हळू चालते का हो?" त्यांनी काळजीनं विचारलं.

सोळा वर्षांत आपल्या लिफ्टबद्दलचा असा शब्द त्यानं कोणाकडूनही ऐकून घेतला नव्हता.

"हो सर," तो छाती काढून म्हणाला. "हळूच आहे."