अंत्यविधीची बैठक, बुधवारी चार ते सहा

देवाकडे अनंतकाळ आहे, पण त्याच्या कर्मचाऱ्यांकडे आठवड्याचे चाळीसच तास असतात. इंग्लंडमधल्या स्लाऊच्या मराठी ख्रिस्ती मंडळीच्या हे लक्षात यायला बावीस वर्षं लागली, तीही विनय गायकवाड चर्चच्या कमिटीवर निवडून आला म्हणून. विनय ब्रॅकनेलच्या एका आयटी कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर. एका रविवारी त्याने पाळकसाहेबांची डायरी सहज उघडली. मंगळवारच्या अख्ख्या पानावर एवढंच लिहिलेलं होतं: 'पिनर. लीलावतीबाई. वेळ लागेल.'

लीलावतीबाई म्हणजे विनयचीच आई. पिनरला त्याच्याच घरी राहायची. एकाच छताखाली असल्यामुळे आपली आणि तिची भेट होतच असणार, असं विनय धरून चालला होता.

त्याने पाळक राजीव साळवे यांच्या भेटींचा सहा आठवडे अभ्यास केला. एक भेट सरासरी एकशे दहा मिनिटांची. पैकी प्रार्थना चार मिनिटं. बाकी चहा, चिवडा, गुडघे, नगरच्या जुन्या ओळखी आणि नुसतं गप्प बसणं (हा शेवटचा प्रकार तब्बल एकोणीस मिनिटं चाले आणि त्याचे मिनिट्स कोणी लिहिलेले नाहीत). नव्या योजनेत भेट वीस मिनिटांची झाली. प्रार्थनेला मात्र विनयने हात लावला नाही. त्यामुळे भक्तीचं प्रमाण साडेतीन टक्क्यांवरून एकदम वीस टक्क्यांवर गेलं, आणि कमिटीने त्याचे लेखी आभार मानले.

ऑफिस सांभाळणाऱ्या कस्तुरीला रंगांचा तक्ता मिळाला. न्यूमोनिया लाल, घटस्फोट केशरी, सर्दी निळी. एकटेपणा राखाडी. राखाडी भेट गरज पडल्यास पुढे ढकलता येई, आणि गरज रोजच पडे. फक्त अंत्यविधीची बैठक कोणालाही रद्द करता येत नसे: दोन तास, निकटच्या नातेवाइकाची हजेरी सक्तीची. हा नियम विनयनेच केला होता आणि तो रास्तच होता (तिथे दुसरी तारीख देऊन भागत नाही).

लीलावतीबाईंची भेट सात वेळा पुढे गेली. त्यांनी तक्रार केली नाही. मिशन हॉस्पिटलात एकतीस वर्षं सिस्टर म्हणून काढलेल्या त्या. फॉर्म बघून घाबरणाऱ्यांतल्या नव्हेत. आठव्या वेळी त्यांनी कस्तुरीला फोन केला आणि अंत्यविधीची बैठक हवी म्हणून सांगितलं. कोणाचा, असं कस्तुरीने हलक्या आवाजात विचारलं. माझाच, असं उत्तर आलं.

"आजी, डेट ऑफ डेथ टाकल्याशिवाय फॉर्म पुढे जात नाहीये हो."

"'टू बी कन्फर्म्ड' लिही."

फॉर्म पुढे गेला.

ब्रॅकनेलला मीटिंग चालू असताना विनयचा फोन वाजला. 'तुमच्या आईच्या अंत्यविधीची बैठक, बुधवारी चार ते सहा.' बुधवारी त्याच वेळी क्लायंटचा रिव्ह्यू होता. विनयचं बोट सवयीने 'दुसरी वेळ सुचवा'वर गेलं. ते बटण तिथे नव्हतं. त्यानेच काढायला लावलं होतं. मग त्याने निरोप पुन्हा वाचला, आणि या खेपेला त्यातला 'आई' हा शब्दही वाचला.

बुधवारी तो धापा टाकत घरी पोचला. पाळकसाहेब दुसरा चहा घेत होते. आई चिवड्याची बशी पुढे सरकवत आपल्या अंत्यविधीसाठी गीतं निवडत होती. तिसऱ्या गीतावर एकमत होत नव्हतं. तिच्या चेहऱ्यावर विनयने वर्षभरात पाहिला नव्हता एवढा आनंद होता. तुला काय होतंय, असं त्याने कसंबसं विचारलं.

"मला काही झालेलं नाही. मरायची घाईही नाही," ती म्हणाली. "पण तुमच्याकडे जिवंत माणसाची भेट रद्द होते रे."

विनयचे डोळे भरून आले, याची इथे नोंद घ्यायला हवी. त्याने लगेच कार्यवाही केली. आपल्या कॅलेंडरात दर गुरुवारी पंचवीस मिनिटं 'आई' असं टाकलं, आणि त्याला स्वतंत्र जांभळा रंग दिला. पहिल्या गुरुवारी नव्या सॉफ्टवेअरचं रिलीज होतं. दुसऱ्या गुरुवारी त्या रिलीजमध्ये काय चुकलं याची मीटिंग होती. आईने पुढच्या बुधवारचा फॉर्म भरून टाकला.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. नाताळपर्यंत मंडळीतल्या चौदा ज्येष्ठांनी आपापले अंत्यविधी नोंदवले होते. त्यांची मुलं लंडनभरातून दर आठवड्याला दोन तास येऊन बसू लागली, नियमच होता. वार्षिक अहवालात अंत्यविधीच्या बैठका एकशे बारा आणि मृत्यू शून्य अशी नोंद आहे.

इथवर येईपर्यंत विनयबद्दल तुमचं मत बनलंच असेल, आणि ते फारसं चांगलं नसेल. मघाशी घरून फोन आला तेव्हा 'मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो' असं सांगून तुम्ही तो ठेवलात. ती मीटिंग म्हणजे हे वाचन.