कुमुदला शेपटी मंजूर झाली

आमच्या गावात जनावराला कुणाच्या हातून इजा झाली, तर नगरपरिषदेचा शिक्का बसल्यावर ती जखम त्या माणसाच्या अंगावर, त्याच जागी येते. जनावर मोकळं होतं. आमच्या ह्यांच्या डाव्या कानावर जो ओरखडा आहे, तो मुळात ढमढेऱ्यांच्या मांजरीचा. ह्यांनी दार जोरात लावलं होतं. नियम जुना आहे आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. फक्त आमच्याकडे लोक दारं हळू लावतात आणि गाडी मागे घेण्याआधी उतरून बघतात.

सांगायचंय ते कुमुद शेलारबद्दल. आमच्या इमारतीत खालच्या गाळ्यात तिचं कुत्र्यांना आंघोळ घालायचं, त्यांचे केस नि नखं कापायचं दुकान आहे. मी वरच राहते, आणि माझं बरंचसं लक्ष खाली असतं. कुमुदची एक पद्धत आहे. कुत्रं टेबलावर चढलं की ती मालकाला म्हणते, "आता हा माझा. तुम्ही निघा." कुणी रेंगाळलं तर दंडाला धरून बाहेर काढते. मालक दिसला की कुत्रं हलतं, आणि हललं की कात्री लागते, असं तिचं म्हणणं.

त्या दिवशी टेबलावर उपळेकरांचा पेढा होता. सोनेरी, थोराड कुत्रा. शेपटी अशी झुपकेदार की घरातल्या टीपॉयवर कप ठेवायची सोय नाही. उपळेकर म्हणजे आमचे निवृत्त पोस्टमास्तर. बायको गेल्यापासून घरात ते आणि पेढा. त्यांना कुमुदने नेहमीसारखं पिटाळलं होतं. पण मंडईतून परतताना त्यांना राहवलं नाही. मी जवळच आहे, घाबरू नकोस, एवढंच कळावं म्हणून त्यांनी बाहेरून स्कूटरचा हॉर्न वाजवला. पेढ्याने तो ओळखला आणि आनंदाने शेपटी हलवली. कुमुद तेव्हा नेमकी शेपटीच्या टोकाचेच केस कापत होती.

डॉक्टरांनी टाके घातले, पेढ्याने ते चावून काढले. पट्टी बांधली, ती खाल्ली. गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं अडकवलं, ते भिंतीवर आपटून फोडलं. शेवटी डॉक्टर म्हणाले, "जखम चिघळलीय. सोमवारी अर्धी शेपटी काढून टाकू, नाहीतर वर चढेल." पेढा तेव्हापासून शेपटी पायांत घालून बसला. हॉर्न वाजवला तरी हलवेना.

नगरपरिषदेचे जखम निरीक्षक वाघचौरे सुनावणीसाठी दुकानातच आले. चहा कुणीतरी द्यायला हवा म्हणून मी गेले, आणि कप परत न्यायचे होते म्हणून थांबले.

वाघचौऱ्यांनी पेढ्याची शेपटी पाहिली. मग कुमुदला म्हणाले, "बाई, पाठ इकडे करा."

तिने केली.

"शेपटी नाही," वाघचौरे म्हणाले. "जागा नसल्यामुळे जखम हलवता येत नाही. प्रकरण निकाली. सुटलात तुम्ही."

"आणि पेढा?"

"त्याचं त्याच्याकडे."

उपळेकर पुढे झाले. "साहेब, हॉर्न मी वाजवला. माझ्यावर घाला."

"तुम्हाला तरी कुठं शेपटी आहे, पोस्टमास्तर?"

"हॉर्न रस्त्यावर वाजला, काका," कुमुद म्हणाली. "कात्री माझ्या हातात होती. टेबलावर होता तोवर तो माझा होता. कुत्रं खूश झालं की शेपटी हलवणार, हे मला नाही कळणार तर कुणाला? टोक कापताना मी ती मुठीत धरते. त्या दिवशी धरली नव्हती."

"अहो बाई, सुटलात म्हणतोय ना मी!" वाघचौरे वैतागले. "स्टेशन रोडवर कुत्र्यांचे केस कापणारा तो दुसरा दुकानवाला शेपटीच्या प्रकरणात दर वेळी असाच सुटतो. वर मला चहा पाजतो."

"चहा तुम्ही आत्ताही पिताय," मी म्हटलं.

कुमुदने माझ्याकडे डोळे वटारले आणि त्यांना म्हणाली, "जागा नाही म्हणूनच अडलंय ना? मग जागा द्या."

वाघचौऱ्यांनी कप खाली ठेवला.

"तशी तरतूद आहे," ते म्हणाले. "आजवर कुणी मागितली नाही, एवढंच. पण दिलेली शेपटी नगरपरिषद परत घेत नाही. जखम भरेल, शेपटी राहील. जन्मभर."

"आणि तीसुद्धा चिघळली तर?" मी विचारलं.

"कशी चिघळेल, काकू? माझं तोंड तिथवर पोचतं का? त्याची भरत नाही कारण तो चावतो. माझी भरेल."

यावर वाघचौऱ्यांनीही मान डोलावली. मला मात्र राहवेना. "अगं, बसमध्ये बसशील कशी? मनात येईल ते मागे सगळ्यांना दिसेल. आणि सासूबाई काय म्हणतील?"

"त्यांना एवीतेवी माझं काहीच पटत नाही. त्यात हे एक."

नगरपरिषदेच्या भांडारात एकच शेपटी शिल्लक निघाली. काळी, आखूड, राठ केसांची. सोनेरी हवी तर मागवावी लागेल, आणि मागवली की कधी येईल ते सांगता येत नाही, असं वाघचौरे म्हणाले.

"सोमवारी कापणार आहेत त्याची. काळी चालेल."

रविवारी नगरपरिषद खास उघडली. शेपटी बसवली, ती नीट हलते का ते पाहिलं, आणि वाघचौऱ्यांनी शिक्का मारला. कुमुद "आई गं!" म्हणून खुर्चीत बसली आणि तशीच ताडकन उठली. पेढ्याने मान वळवून आपल्या शेपटीचा वास घेतला. पुन्हा घेतला. मग ती अशी हलवली, की शिक्क्याची गादी, पेनं, वाघचौऱ्यांचा चष्मा, सगळं टेबलावरून खाली.

उपळेकर रडायलाच लागले. वाकून तिच्या पाया पडू लागले.

"काका, हे काय करताय!" कुमुद मागे सरकली. डोळ्यांत पाणी होतं, पण ते दुखण्याचंही असेल. "चला दुकानात. त्याच्या टोकाचे केस अर्धवटच राहिलेत."

आणि खरोखर, कळ सोसत तिने पेढ्याला टेबलावर घेतलं, शेपटी मुठीत धरली आणि उपळेकरांना दंडाला धरून बाहेर काढलं.

त्यानंतर तिच्या जखमेची पट्टी मीच बदलत होते, कारण तिचा हात नीट पोचत नव्हता. सलवारींना मागे काजंही मीच करून दिली. मंडईत पोरं हसली, बायका कुजबुजल्या. ही आपली भाजी निवडतेय. सासूबाईंनी पहिले काही दिवस अबोला धरला; हल्ली त्या शेपटीला तेल लावून देतात, राठ आहे म्हणून. स्टेशन रोडवरच्या दुकानात मात्र गिऱ्हाईक आत शिरण्याआधी मालकाला पाठ करायला सांगतं, आणि बघून परत फिरतं.

परवा पेढा पुन्हा आला होता. मी सहज खाली गेले होते. कुमुद त्याच्या पाठीला फणी करत होती, कपाळाला आठ्या, ओठ घट्ट मिटलेले. काम करताना तिचा चेहरा असाच असतो.

"खरं सांग," मी म्हटलं, "कधी वाटतं का, नसती मागितली तर बरं झालं असतं?"

"काकू, मी कामात असताना नको ते विचारू नका," ती वर न बघता म्हणाली.

मागे तिची शेपटी डावीकडे-उजवीकडे हलत होती आणि साबणाच्या बादलीवर सारखी आपटत होती. मी बादली जरा बाजूला सरकवली.