पौनीकरांची चौकशी

शेजारच्या पौनीकरांकडे दूध नासलं तरी चौकशी बसते. भांडं कोणी घासलं, दूध कोणी तापवलं, झाकण कोणी ठेवलं? तिन्हींचं उत्तर एकच, त्यांच्या पत्नी शकुंतलाबाई. तरी तीन जबाब वेगवेगळे नोंदवले जातात.

पौनीकर एका महामंडळाच्या दक्षता विभागातून निवृत्त झाले. सिद्धांत एकच : "चोर बाहेरून येते, पन कडी आतला मानूस काढते." कॉलनीच्या जेवणात सावजी रस्सा कमी पडला, तेव्हा त्यांनी वाढप्यांना रांगेत उभं केलं होतं.

हिवाळ्यात शकुंतलाबाईंच्या डाव्या मांडीत गाठ आली. पौनीकरांनी तो मुकामार ठरवला. रोज एरंडाचं पान तव्यावर गरम करून शेक दिला. चार महिन्यांनी तपासणी झाली. कर्करोग फुप्फुसापर्यंत गेला होता.

पुढच्या भेटीला मी गाडीने सोबत गेलो. पौनीकरांनी वही उघडली. "डॉक्टर, मांडीतून छातीत कसा गेला? आतलं कोन फुटलं?"

तरुण डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "फुटलं म्हणू नका, काका. शरीरात पहारेकरी पेशी असतात. जखम झाली की धावतात, ती भरून काढतात, नव्या रक्तवाहिन्या उभ्या करतात. गाठ त्यांना जखमेसारखेच निरोप धाडते. मग तिला मारायचं सोडून त्यातल्या काही तिचीच शुश्रूषा करत बसतात. रोगाला वाट मिळते."

पौनीकरांनी वही मिटली.

"मीबी जखम समजूनच शेकत होतो," ते म्हणाले.

"शेकानं नाही पसरला. उशीर मात्र झाला."

"तुमी काहून कबुली देऊन राहिले?" शकुंतलाबाई म्हणाल्या. "कोनं विचारलं तुमाले?"

त्यानंतर पौनीकर पत्नीला हात लावायचे थांबले. औषधाची गोळीही चमच्यात ठेवून देत.

परवा मी रिपोर्ट द्यायला गेलो होतो. शकुंतलाबाई पडून होत्या. "पाय दुखून राहिले. दाबून द्या ना."

पौनीकर उठले, व्हरांड्यात गेले आणि डॉक्टरांना फोन लावला. "पाय दाबले तं चालते काय? ... हलक्या हातानं. ... उजवा? बरं, उजवाच."

ते पलंगाच्या पायथ्याशी येऊन बसले. "परवानगी भेटली."

"मंग दाबा की," म्हणत शकुंतलाबाईंनी उजवा पाय त्यांच्या मांडीवर ठेवला.

पौनीकरांनी तळपाय दोन्ही हातांत धरला. दाबला मात्र नाही.