पळती अक्षरं

मन्मथआप्पा पेंटरांनी आमच्या माजलगावात एकही अक्षर सरळ उभं राहू दिलं नाही. सगळी जाडजूड, एका मापाची, उजवीकडं झुकलेली. फूल नाही, शेपटी नाही. काना जेवढा जाड, तेवढीच वेलांटी. चुन्यात बुडवलेली दोरी भिंतीवर तिरपी ताणायची, फटकन सोडायची, की त्या रेघेवर अक्षर चढवायचं. "अक्षर कसं, कामाला निघाल्यावानी दिसावं," म्हणायचे. कुठं सरळ पाटी दिसली की थांबून विचारायचे, "ह्याच्या पायाला मुंग्या आल्यात का बे?"

आप्पांबद्दल बोलायचं तर मला आधी लाजच वाटते. पण सुरुवात तरी हसण्यानं करू.

त्या वर्षांत गावात रोज नवं काहीतरी उघडत होतं. एसटीडी बूथ, केबल, मोटारसायकलींची एजन्सी. सगळ्यांनाच पुढं पळायचं होतं, त्यामुळं आप्पांची चांदी. पण बाळंतपणाच्या दवाखान्यावरही त्यांनी तीच अक्षरं काढली. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, बाळंतीण पळून चालल्यासारखी वाटतीय!"

"मंग बरंच हाय की," आप्पा म्हणाले. "ठणठणीत होऊन चाललीय."

माझ्या एसटीडी बूथची पाटीही त्यांचीच, आणि मला तिचा लई अभिमान.

मग आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, गेले. चौकात लावायच्या श्रद्धांजलीच्या फलकाचं काम साहजिकच आप्पांकडं गेलं. मी बजावलं होतं, "आप्पा, ह्या वेळी सरळ काढा." दहाव्याच्या सकाळी बघतो तर अण्णांचं नाव जाड, तिरपं, सुसाट! बीडचे दाजी फिसकन हसले. "मामा वारले का सेल लागलाय?"

माझं डोकंच फिरलं. चार माणसांत आप्पांना वाट्टेल ते बोललो. "मयताची तरी लाज राखा," म्हणालो. रॉकेलचा बोळा घेतला आणि बापाचं नाव स्वतःच्या हातानं पुसलं.

आप्पा दोरी सरळ ताणून उभी अक्षरं काढायला बसले. नाव पुरं झाल्यावर, माझ्याकडं न बघता म्हणाले, "दोन साल खाटंवर होते रे अण्णा. मी दुपारचा येऊन बसायचो, तू म्होरं बूथवर असायचास. एकच म्हनायचे, आप्पा, एकदा सिंदफणा नदीपस्तोर आपल्या पायानं जायचंय. म्हनून म्हनलं, पाटीवर तरी चालू द्यावं."

आमच्याच मागच्या खोलीत, बूथपासून दहा पावलांवर. माझ्याजवळ अण्णा असं कधी बोलले नाहीत. खरं सांगायचं तर मी त्यांच्याजवळ कधी बसलोच नव्हतो.

"आता कसं शोभतंय!" दाजी म्हणाले.

मला तोंड वर करवेना. हळूच म्हणालो, "आप्पा, पुसा. पुन्हा तिरपं काढा."

त्यांनी ब्रश फडक्यात गुंडाळला. "ऱ्हाऊ दे आता. लोक जमलेत."