पाईपात बोट

दातांच्या डॉक्टरांचं बोट पाईपात अडकलं, तेव्हा खुर्चीवर बँडमास्तर तोंड उघडून बसले होते. इंजेक्शन देऊन झालं होतं, जबडा बधिर व्हायला थोडा वेळ होता, आणि तेवढ्या वेळात डॉक्टरांनी करू नये ते केलं. सकाळी आलेलं पार्सल उघडलं.

पार्सलात तंबाखू ओढायचा पाईप होता, हाताने घडवलेला. डॉक्टरांनी स्वतः जन्मात कधी तंबाखूला हात लावला नव्हता. उलट ओढणाऱ्यांना ते खुर्चीत आडवं पाडून झाडत असत. पण एकदा कुणी पेशंट आपला पाईप दवाखान्यात विसरून गेला. डॉक्टरांनी तो उचलला, त्याचं तोंडात धरायचं टोक निरखलं आणि गारच झाले. दातांत नीट बसावं पण दातांना जाणवू नये, असं ते टोक कुणीतरी कानशीने घासून घासून पातळ केलं होतं. कवळ्या बसवण्यात हयात घातलेल्या माणसाला त्यातली मेहनत कळायला वेळ लागला नाही. त्या दिवसापासून डॉक्टरांना पाईप जमवायचं जे वेड लागलं, ते लागलंच.

बघता बघता घरातलं शोकेस पाईपांनी भरलं. शेवटी बायकोने निर्वाणीचं सांगितलं, "आता आणखी एक जरी पाईप या घरात आला, तर त्याला जागा करून द्यायला मी बाहेर पडेन." म्हणून हे पार्सल दवाखान्याच्या पत्त्यावर मागवलेलं.

आणि पाईप काय होता! एका झुडपाच्या मुळाशी जी गाठ धरते, ती खणून, उकळून, वर्षानुवर्षं वाळवून मगच डॉक्टरांचा नेहमीचा कारागीर तिला हत्यार लावत असे. या पाईपावर लाकडाच्या रेषा ज्योतीसारख्या खालून वर गेल्या होत्या, एकही रेष मध्येच तुटलेली नव्हती. बाहेरून बघून डॉक्टरांचं समाधान होईना. आतूनही एवढंच सफाईदार काम आहे का, म्हणून त्यांनी अंगठ्याशेजारचं बोट पाईपाच्या तंबाखू भरायच्या वाटीत घातलं. वाटी खाली निमुळती होत गेलेली. बोट आत गेलं आणि बाहेर यायचं नाव घेईना.

"बाई," डॉक्टर हळूच म्हणाले, "जरा साबण आणा."

"आत्ताच तर हात धुतलेत तुम्ही," मदतनीस बाई म्हणाल्या.

"आणा म्हटलं ना!"

साबणाने बाईंचे हात तेवढे निसटायला लागले. मग व्हॅसलीन झालं. बाईंनी पाईप दोन्ही हातांनी धरला, पाय खुर्चीला टेकवला आणि डॉक्टर पेशंटला म्हणतात अगदी त्याच सुरात म्हणाल्या, "अंग सैल सोडा. मुंगी चावल्यासारखं वाटेल, बस."

डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. बोट लालबुंद होऊन आणखीच फुगलं.

"तुमचं ते दात कोरायचं यंत्र लावू का?" बाईंनी विचारलं. "रोज बघते, मला येईल."

"खबरदार! एक ओरखडा उठला तर बघा!"

"बोटावर?"

"पाईपावर!"

तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला, "फु... का!"

बँडमास्तर हातवारे करत होते. ओठ बधिर झालेले, जीभ जड झालेली. शब्द गालातल्या गालात विरघळत होते. "हागून... फु... का!"

"काय म्हणतायत हे?" डॉक्टर दचकले.

"उशीर झाला म्हणून फुकट करणार का, असं विचारतायत बहुतेक," बाई म्हणाल्या. "पहिला शब्द मी ऐकला नाही असं धरा."

"मास्तर, तुमचं नंतर बघू. आता बोलू नका, जीभ चावाल."

मास्तरांनी कपाळावर हात मारला.

अशात फोन वाजला. नंबर डॉक्टरांच्या घरचा होता. डॉक्टरांनी बाईंना खुणा करेपर्यंत बाईंनी तो उचललाही होता. बाईंचा स्वभाव सरळ. "हां वहिनी. नाही, फोनवर येता येणार नाही त्यांना. बोट पाईपात अडकलंय." मग थोडं थांबून, "कुठल्या पाईपात?" असं म्हणत त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी घाबरून मोकळ्या हाताने समोर दिसलं ते दाखवलं. ते बेसिन होतं.

"बेसिनच्या," बाई म्हणाल्या. फोन ठेवून त्यांनी निरोप दिला, "हलू नका म्हणाल्यात. नळवाल्याला घेऊन निघतायत."

घर कोपऱ्यावरच होतं. वहिनी नळवाल्यासह दारात आल्या, तेव्हा डॉक्टर बेसिनखाली गुडघे टेकून, उजवा हात नळीच्या मागे लपवून बसले होते. पांढरा कोट फरशीवर पसरला होता.

"अहो, बोट घातलंतच कशाला त्यात?"

"साफ आहे का बघायला," डॉक्टर म्हणाले. एका परीने ते खरंच होतं.

नळवाल्याने वाकून पाहिलं. "साहेब, पाईपाला तर कुठं भोक दिसत नाही. हात गेला कुठून?" नळवाल्याने पिशवीतून करवत काढली. "असू दे. कापूनच टाकतो, म्हणजे भानगड नको."

"नाही!" डॉक्टर एवढ्यांदा ओरडले की बाहेर बसलेला एक पेशंट उठून घरी गेला. "पाईपाला हात लावायचा नाही!"

"अहो, बेसिनचा पाईप काय सोन्याचा आहे?" वहिनी चकित झाल्या. "बोट गेलं तरी चालेल, पण पाईप नको? कापा हो तुम्ही."

नळवाला गुडघ्यावर बसला. करवतीचे दाते बेसिनच्या नळीवर टेकले. आता मात्र बँडमास्तरांना राहवेना. गळ्यात तो प्लॅस्टिकचा रुमाल तसाच लोंबत असताना ते खुर्चीतून उतरले, ताडताड आले, त्यांनी डॉक्टरांचा दंड धरला आणि हात खसकन बाहेर ओढला. बोटाच्या टोकाला तो देखणा पाईप सगळ्यांसमोर डोलू लागला.

नळवाल्याने करवत खाली ठेवली.

"हा बेसिनचा आहे?" वहिनींनी विचारलं.

डॉक्टर काही बोलायच्या आत मास्तरांनी पाईपाची दांडी त्यांच्याच तोंडाकडे वळवली आणि स्वतःचे गाल फुगवून दाखवले. उभी हयात ट्रम्पेट वाजवण्यात गेलेला माणूस. अडकलेली वस्तू मागून हवा भरली की सुटते, हे तो मघापासून जीव तोडून सांगत होता. "हागून! फुका!"

"मागून फुंका!" बाई एकदम ओरडल्या. "अगं बाई, असं म्हणत होते होय!"

आयुष्यात पहिल्यांदा डॉक्टरांनी पाईप तोंडात धरला. फुंकर मारली. ओठांच्या कडेने नुसती हवा गेली. मास्तरांनी त्यांचे ओठ चिमटीत धरून मिटवले, दुसरा हात पोटावर ठेवून 'इथून' अशी खूण केली आणि बँडला देतात तसा इशारा दिला. डॉक्टरांनी डोळे मिटून सगळा दम लावला. भप्पकन आवाज झाला आणि बोट मोकळं झालं.

नळवाल्याने टाळ्या वाजवल्या. मास्तरही हसले, पण एकाच बाजूने. आणि लगेच गाल धरून खाली बसले, कारण इंजेक्शन उतरायला लागलं होतं.

पाईप वहिनींच्या हातात होता. त्यांनी तो उलटा केला, सुलटा केला, रेषांवरून अंगठा फिरवला. डॉक्टर खाली मान घालून वाट बघत राहिले.

"हा कुणी केलाय?" त्या एवढंच म्हणाल्या. "मला भेटायचंय त्यांना." आणि पाईप पर्समध्ये टाकून निघून गेल्या.

रविवारी डॉक्टर बायकोला घेऊन कारागिराकडे गेले, ते मनात धाकधूक घेऊनच. आता त्या भल्या माणसाची बिनपाण्याने होणार, यापुढे पार्सल पाठवलंत तर बघा म्हणून दम मिळणार. कारखाना म्हणजे एक लांबट खोली होती. खिडकीखाली लाकूड तासायचा लेथ, जमिनीवर भुशाचा थर, फळीवर लाकडाच्या गाठी वाळत घातलेल्या.

"भाऊ," वहिनी म्हणाल्या, "या रेषा आतून अशाच निघणार, हे तुम्हाला आधी कसं कळतं?"

कारागिराने मान वर केली. एक गाठ उचलून ओल्या फडक्याने पुसली. करड्या लाकडात एकदम रेषा उमटल्या.

"आई गं!" वहिनी म्हणाल्या. "आणि ती दाखवा बरं. नाही, तिच्यामागची."

तासभर झाला तरी दोघांचं संपेना. एका गाठीत बारीक चीर निघाली तेव्हा दोघंही सारखेच हळहळले. डॉक्टरांनी मध्येच एक गाठ पुढे केली.

"शी! ती नको," वहिनी म्हणाल्या.

"ती नाहीच चांगली," कारागीर म्हणाला, आणि कोपऱ्यातलं एकुलतं स्टूल झटकून त्याने वहिनींपुढे ठेवलं. इतकी वर्षं येत असूनही डॉक्टरांना ते कधी मिळालं नव्हतं. "बसा तुम्ही. डॉक्टर, जरा उजेड सोडा, त्यांना दिसत नाहीये."

डॉक्टर बाजूला झाले. बायकोची पर्स दोन्ही हातांनी धरून दाराशी उभे राहिले, आणि तिथून त्यांना सगळं छान दिसत होतं.